घामाला वास नसतो!

अंगाला येणाऱ्या वासाबद्दल आपल्याकडे पाठीमागे सगळे बोलतात, तोंडावर कोणी बोलत नाही. एस.टी.त शेजारचा नाकाला रुमाल लावतो, वर्गात मुले बाक बदलतात. पण ज्याला सांगायला हवे त्याला कोणी सांगत नाही. माझ्याकडे येणारे रुग्णही ताप-खोकल्याचे सांगून झाले की उठता उठता हळूच हा विषय काढतात. म्हणून आज जरा स्पष्ट लिहितो.

वाचकांना आश्चर्य वाटेल, पण ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. आपल्या त्वचेत सुमारे २० ते ४० लाख घर्मग्रंथी असतात. त्यांतील बहुतेकींचा घाम म्हणजे पाणी आणि मीठ. काखेत व जांघेत मात्र निराळ्या ग्रंथी असतात. त्यांचा स्राव दाटसर असून त्यात स्निग्ध द्रव्ये व प्रथिने असतात. त्वचेवरचे जंतू त्यांचे विघटन करतात आणि वास सुटतो तो त्यामुळे. या ग्रंथी वयात येताना कामाला लागतात. कालपर्यंत ज्या मुलाला वास येत नव्हता, त्याला तेरा-चौदाव्या वर्षी तो येऊ लागतो. मुलगा घाणेरडा झाला असे नव्हे, तो मोठा होऊ लागला आहे. त्याला चार मुलांदेखत टोचून बोलणे हा माझ्या मते अन्याय आहे.

जंतू तसेच ठेवून वर सेंट मारला, तर दोन्ही वास एकत्र होतात एवढेच. टाल्कम पावडर घाम थोडा शोषते, पण तिने जंतू जात नाहीत. त्यापेक्षा पुढील साध्या गोष्टी पाहा.

काखा, जांघा व पाय रोज साबणाने धुवावेत आणि पंचाने पूर्ण कोरडे करावेत. काखेतील केस कापून बारीक ठेवावेत. टंचाईच्या दिवसांत पूर्ण अंघोळीला पाणी नसेल, तर तांब्याभर पाण्यात एवढे तीन भाग तरी धुता येतात. बनियन, ब्लाउज, मोजे रोज बदलावेत. पॉलिएस्टर-नायलॉनपेक्षा सुती कपडा बरा. पावसाळ्यात दमट राहिलेल्या कपड्यांना कुबट वास येतो, म्हणून ऊन मिळेल तेव्हा ते कडक वाळवावेत. बूट एक दिवसाआड वापरता आले तर उत्तम.

एवढे करूनही वास राहिला, तर घाम कमी करणारी ॲल्युमिनियमयुक्त औषधे मिळतात. ती रात्री कोरड्या त्वचेवर लावावीत. न्हाव्याकडची तुरटीही त्याच जातीची. ती ओली करून काखेत फिरवली तरी काहींना गुण येतो. मात्र नुकतीच दाढीची पाती फिरवलेल्या किंवा चिरलेल्या त्वचेवर ती लावू नये, आणि आग झाल्यास थांबावे. लसूण, कांदा, मेथी यांचाही वास घामातून येऊ शकतो, पण तेवढ्यासाठी कोणी भाजी-भाकरी सोडण्याची गरज नाही.

काही वेळा मात्र डॉक्टरांना दाखवावेच. रात्री कपडे भिजवणारा घाम, सोबत बारीक ताप आणि वजन घटणे ही क्षयाची खूण असू शकते. हात थरथरणे, छातीत धडधडणे आणि फार घाम येणे यांत थायरॉईडची तपासणी करावी. मधुमेही माणसाच्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास येऊन उलट्या व धाप सुरू झाली, तर त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

शेवटी एक विनंती. दिवसभर उन्हात राबणाऱ्याच्या अंगाला येणारा वास हा कष्टाचा आहे. त्याच्या वस्तीत नळ आहे का, न्हाणीला आडोसा आहे का, हे आधी विचारावे. आणि आपल्याच घरातल्याला सांगायचे असेल, तर बाजूला घेऊन, एकट्याला, सरळ शब्दांत सांगावे. दोन मिनिटांचा संकोच होईल, पण त्याची पुढची कित्येक वर्षांची मानहानी टळेल.