थोडे बोलणाऱ्याने किती मोजावे?

ज्याचा जेवढा वापर, त्याचे तेवढे मोल, हा व्यवहाराचा साधा न्याय आहे. किराणा दुकानात हवी तेवढीच डाळ तोलून मिळते. एसटीत ज्या थांब्यावर उतरायचे, तिथपर्यंतचेच तिकीट फाडले जाते. भ्रमणध्वनीच्या प्रीपेड सेवेत मात्र हा न्याय हळूहळू मोडीत निघाला आहे. गावी एकट्या राहणाऱ्या आजी आणि दिवसभर चित्रफिती पाहणारा त्यांचा नातू यांच्या वापरात जमीन-अस्मानाचा फरक असतो. परंतु आजींच्या साध्या बटणांच्या फोनवरही इंटरनेटसह अमर्याद बोलण्याचाच रिचार्ज मारला जातो. हे असे का घडते, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने करावयास हवा.

आपल्या देशात भ्रमणध्वनीवरील पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. त्या काळी येणाऱ्या फोनलाही पैसे पडत. अटलबिहारी वाजपेयी यांच्या सरकारने १९९९ च्या दूरसंचार धोरणाद्वारे कंपन्यांवरील ठरावीक परवाना शुल्काचा बोजा काढून महसुलातील वाट्याची पद्धत आणली आणि दर उतरू लागले. २००३ मध्ये येणारे फोन विनामूल्य झाले. पुढे २००५-०६ च्या सुमारास ‘लाइफटाइम’ योजना आल्या. एकदा रक्कम भरावी, दहा-वीस रुपयांचे टॉपअप पुरवून वापरावे आणि मिस्ड कॉलवर निभावून न्यावे, ही मध्यमवर्गीय घरांची रीतच होऊन गेली.

ती रीत टिकली नाही, त्यामागे एक अर्थकारण आहे. पूर्वी दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाने आपल्याला फोन केला, की त्याच्या कंपनीला आपल्या कंपनीस मिनिटामागे १४ पैसे द्यावे लागत. म्हणजे केवळ फोन घेणारा ग्राहकही कंपनीला काही मिळवून देत असे. ऑक्टोबर २०१७ मध्ये ही रक्कम ६ पैशांवर आली आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य झाली. थोडे बोलणारा ग्राहक कंपन्यांच्या लेखी निरुपयोगी ठरला. २०१८ च्या अखेरीस २८ दिवसांसाठी किमान ३५ रुपयांचा रिचार्ज अनिवार्य होऊ लागला. जुलै २०२४ मध्ये एअरटेलची २८ दिवसांची प्राथमिक योजना १९९ रुपयांवर पोहोचली. त्यातही ‘महिना’ २८ दिवसांचा! वर्ष भरून काढण्यासाठी १२ नव्हे, तर १३ वेळा पैसे भरावे लागतात. एकूण २,५८७ रुपये.

या पार्श्वभूमीवर दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २३ डिसेंबर २०२४ रोजी, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक दिनाच्या आदल्याच दिवशी, एक स्वागतार्ह नियम केला. प्रत्येक कंपनीने केवळ बोलणे व एसएमएस यांसाठी किमान एक व्हाउचर दिलेच पाहिजे आणि त्याची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकेल, असे त्यात म्हटले आहे. त्यानुसार जानेवारी २०२५ मध्ये एअरटेलने ८४ दिवसांसाठी ४६९ व वर्षासाठी १,८४९ रुपयांची, तर जिओने ८४ दिवसांसाठी ४४८ आणि ३३६ दिवसांसाठी १,७४८ रुपयांची योजना आणली.

दर बदलत राहतात. हिशेबाची रीत बदलत नाही. रिचार्जच्या रकमेला दिवसांनी भागावे. १९९ ला २८ ने भागले, तर रोजचे ७ रुपये ११ पैसे होतात. १,८४९ ला ३६५ ने भागले, तर सुमारे ५ रुपये ७ पैसे. वर्षाकाठी सातशेहून अधिक रुपये वाचतात. १,७४८ हा आकडा लहान दिसतो. पण ती मुदत वर्षाहून २९ दिवस कमी आहे आणि रोजचा खर्च ५ रुपये २० पैसे पडतो. अर्थात स्वस्ताईआधी घरात रेंज कोणाची मिळते, हे पाहावे. बीएसएनएलचे स्वदेशी तंत्रज्ञानावरील ४जी जाळे सप्टेंबर २०२५ मध्ये राष्ट्रार्पण झाले आहे; आपल्या गावी त्याची रेंज चांगली असेल, तर त्या योजनाही अवश्य तपासाव्यात. क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय २०११ पासून देशभर आहेच.

मात्र पैसे वाचविण्याच्या भरात क्रमांकच गमावू नये. आज बँकेचा ओटीपी, आधार, गॅसची नोंदणी सारे त्या दहा अंकांशी जोडलेले आहे. बंद पडलेला क्रमांक कालांतराने दुसऱ्यास दिला जातो. सलग ९० दिवस वापर नसला, तरी खात्यात किमान २० रुपये असल्यास क्रमांक राखला जावा, असा २०१३ चा नियम आहे. परंतु क्रमांक जिवंत राहणे वेगळे आणि सेवा चालू राहणे वेगळे. जुना क्रमांक सोडायचाच असेल, तर आधी बँकेतील नोंद बदलावी.

मनोरे उभारणे, रेडिओलहरींचे परवाने घेणे यांचा खर्च प्रत्येक ग्राहकामागे येतोच, असे कंपन्या म्हणतात. त्यात तथ्य आहे. परंतु म्हणून दहा मिनिटे बोलणाऱ्याने अमर्याद बोलण्याचे मोल का द्यावे? रोजंदारीवर जगणाऱ्याने एकरकमी साडेचारशे रुपये कोठून आणावेत? मोजक्या मिनिटांची, इंटरनेटविरहित, खऱ्या एका महिन्याची अल्पदराची योजना नियामकाने बंधनकारक केली पाहिजे. पुण्यात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे कार्य आरंभिले, ते असंघटित ग्राहकाला बळ देण्यासाठीच. तोच मार्ग येथेही अनुसरावा लागेल.

तोवर एक काम आपल्या हातचे आहे. दुकानदार इंटरनेटविरहित योजना आपणहून दाखवीलच असे नाही. ती नावानिशी मागावी लागते. आपल्या वस्तीतील ज्येष्ठांचे रिचार्ज कार्यकर्त्यांनी एकदा तपासून पाहावेत आणि हा भागाकार त्यांच्यासमोर मांडावा. वाचलेल्या सातशे रुपयांत एखाद्या आजींची महिन्याची औषधे येऊ शकतात.