विश्लेषण: शाई गळू नये म्हणून दाब, परकी शाई चालू नये म्हणून चिप! प्रिंटरच्या कार्ट्रिजमध्ये नेमकं काय असतं?

प्रवेशाचे दिवस आले की घरातला प्रिंटर हमखास रुसतो. अर्जाची शेवटची प्रत काढायची असते आणि स्क्रीनवर ‘कार्ट्रिज बदला’ असं दिसतं. नवं कार्ट्रिज घ्यायला जावं तर त्याची किंमत ऐकून वाटतं, यात दोन-चार चमचे तर शाई आहे, मग एवढे पैसे कशाचे? दुकानदार स्वस्त पर्याय सुचवतो, म्हणजे जुनंच कार्ट्रिज रीफिल करून घ्या. कंपनी म्हणते तसं करू नका, प्रिंटर खराब होईल.

यात खरं कोण बोलतं? याचं उत्तर कार्ट्रिजच्या आतल्या दाबात आहे आणि दुरुस्तीच्या हक्काच्या चर्चेशीही त्याचा थेट संबंध आहे.

कार्ट्रिजमधली शाई खाली का सांडत नाही?

इंकजेट प्रिंटरमध्ये शाई कागदावर पडते ती प्रिंटहेडच्या छिद्रांमधून. ही छिद्रं केसाहूनही बारीक असतात आणि त्यांना झाकण नसतं. छपाई सुरू नसताना शाई त्यातून टपकायला हवी, पण तसं होत नाही.

कारण कार्ट्रिजमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा मुद्दाम किंचित कमी ठेवलेला असतो. सरबताच्या ग्लासात स्ट्रॉ बुडवून वरचं तोंड बोटाने बंद करा आणि स्ट्रॉ उचला. सरबत आतच अडकून राहतं आणि बोट काढताच सांडतं. कार्ट्रिजमध्ये या बोटाचं काम सतत चालू ठेवावं लागतं. त्यासाठी लागणारी ओढ अगदी थोडी असते, काही सेंटीमीटर पाण्याच्या उंचीने पडणाऱ्या दाबाएवढीच.

ही ओढ कमी पडली तर शाई गळते. जास्त झाली तर छिद्रातून उलट हवा आत शिरते आणि छपाईत पांढऱ्या रेघा येतात. काही प्रिंटरमध्ये शाई तापवून तिचा थेंब उडवला जातो. तिथे छिद्रामागे शाईच नसेल तर तापणारा भाग जळूही शकतो.

मग हा दाब सांभाळायचा कसा?

अडचण अशी की शाई संपत जाते तशी आतली ओढ वाढत जाते. म्हणून जितकी शाई बाहेर जाईल तितकी जागा भरून काढावी लागते. त्यासाठी कंपन्यांनी वेगवेगळ्या युक्त्या केल्या.

एचपीच्या १९८४ सालच्या ‘थिंकजेट’मध्ये शाई रबरी पिशवीत भरलेली होती. नंतर स्पंज आला. स्पंजाची बारीक भोकं शाई धरून ठेवतात, पण शेवटची थोडी शाई त्यातच अडकून राहते. काही कार्ट्रिजमध्ये स्प्रिंग लावलेली पिशवी असते, तर काहींमध्ये पातळ पडद्याची झडप. ओढ ठरावीक मर्यादेच्या पुढे गेली की झडप उघडते, थोडी शाई पुढे सोडते आणि पुन्हा मिटते.

हवा आत यायला अनेक कार्ट्रिजवर एक छोटी वाट ठेवलेली असते. नव्या कार्ट्रिजवरची पिवळी पट्टी बऱ्याचदा हीच वाट झाकते. ती काढायची राहिली, तर चार-दोन पानं छापून प्रिंटर थांबतो आणि आपण शाईला दोष देतो.

हवामानाचाही यात हात असतो. तापमान २५ अंशांवरून ४० अंशांवर गेलं की आतली हवा सुमारे ५ टक्के फुगते. महाबळेश्वरसारख्या साडेतेराशे मीटर उंचीच्या ठिकाणी हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १५ टक्के कमी असतो, त्यामुळे कोकणातून तिथे नेलेल्या कार्ट्रिजमधली हवा आणखी फुगते. ती शाईला बाहेर ढकलणार नाही याची सोय आधीच करून ठेवावी लागते.

म्हणजे रीफिल करू नका असं म्हणणारी कंपनी खरी?

अर्धी खरी. स्पंजाच्या कार्ट्रिजमध्ये सिरिंजने गच्च शाई भरली तर स्पंजाची धरून ठेवायची ताकद संपते आणि शाई गळते. हवेची वाट चुकून बुजली तर छपाई थांबते. एचपी आणि कॅननच्या अनेक स्वस्त प्रिंटरमध्ये प्रिंटहेड कार्ट्रिजलाच जोडलेलं असतं. तिथे बिघाड झाला तर कार्ट्रिज बदलून काम भागतं. एप्सनसारख्या प्रिंटरमध्ये मात्र प्रिंटहेड कायमचं बसवलेलं असतं, तिथे नुकसान मोठं होऊ शकतं.

पण हा सगळा प्रश्न शाई नीट भरली की नाही, एवढाच आहे. दाबाची व्यवस्था यांत्रिक आहे. शाई कोणत्या कंपनीची आहे हे स्पंजाला किंवा स्प्रिंगला कळत नाही. ते कळतं चिपला.

चिपचं काम काय?

कार्ट्रिजवरची चिप मुख्यतः ओळख पटवते आणि किती शाई वापरली याचा हिशेब ठेवते. हा हिशेब बहुतेक वेळा किती थेंब उडाले यावरून केलेला अंदाज असतो. आतला दाब योग्य आहे की नाही, हे ही चिप साधारणपणे तपासत नाही.

सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या काही ‘ऑफिसजेट’ प्रिंटरनी अचानक इतर कंपन्यांची कार्ट्रिज नाकारायला सुरुवात केली. आदल्या दिवसापर्यंत ती नीट चालत होती. दाब तोच होता आणि शाईही तीच. प्रिंटरमधल्या सॉफ्टवेअरने नियम बदलला होता. ग्राहकांच्या संतापानंतर कंपनीने ही अट काढणारं अपडेट उपलब्ध करून दिलं. याच प्रकारच्या निर्बंधांची माहिती ग्राहकांना नीट न दिल्याबद्दल इटलीच्या स्पर्धा नियामकाने डिसेंबर २०२० मध्ये एचपीला १ कोटी युरोचा दंड केला.

जानेवारी २०२४ मध्ये एचपीचे तत्कालीन प्रमुख एन्रिके लोरेस यांनी एका मुलाखतीत या निर्बंधांचं समर्थन केलं. परक्या कार्ट्रिजमधून व्हायरस प्रिंटरमध्ये आणि तिथून नेटवर्कमध्ये शिरू शकतो, असा त्यांचा मुद्दा होता. पण कंपनीची शाई न वापरणारा ग्राहक ही तोट्यातली गुंतवणूक आहे, अशा अर्थाचंही ते बोलले. प्रिंटर स्वस्तात विकायचा आणि नफा शाईवर कमवायचा, हे गणित त्यांनीच उघड केलं.

कायदा काय म्हणतो?

दाबाची व्यवस्था हे खरं संशोधन आहे आणि त्यावर पेटंट मिळतं. अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने २००७ मध्ये एप्सनच्या पेटंटचा भंग करणाऱ्या कार्ट्रिजच्या आयातीवर सरसकट बंदी घातली. त्या वादातल्या पेटंटमध्ये द्रवाचा प्रवाह नियंत्रित करण्याच्या पद्धतीचंही एक पेटंट होतं. म्हणजे कंपनीची झडप नक्कल करून नवं कार्ट्रिज बनवणं बेकायदा ठरू शकतं.

कंपनीनेच विकलेलं कार्ट्रिज पुन्हा भरणं ही मात्र वेगळी गोष्ट आहे. २०१७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लेक्समार्क कंपनीच्या खटल्यात सांगितलं की वस्तू एकदा विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपतो. हा खटला लेझर प्रिंटरच्या टोनरचा होता, पण तत्त्व शाईलाही लागू पडतं. निकाल अमेरिकेतला असल्याने भारतात तो बंधनकारक नाही.

भारतात काय स्थिती आहे?

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी पोर्टल सुरू केलं. वस्तू दुरुस्त करणं किती सोपं आहे हे सांगणाऱ्या निर्देशांकाबाबतचा अहवाल मे २०२५ मध्ये सादर झाला. त्यातली चर्चा मुख्यतः मोबाइल-टॅब्लेटची बॅटरी, स्क्रीन, चार्जिंग पोर्ट अशा भागांभोवती आहे.

ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांमध्ये प्रिंटरबरोबर कार्ट्रिजचाही समावेश आहे आणि त्यांच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकावर आहे. पण पुनर्प्रक्रिया म्हणजे डबा मोडून प्लॅस्टिक आणि धातू वेगळे काढणं. तोच डबा पुन्हा भरून वापरणं ही त्याआधीची आणि स्वस्त पायरी आहे. चिप ती पायरीच बंद करत असेल, तर पुनर्प्रक्रियेच्या आकड्यांमध्ये हे नुकसान दिसणार नाही.

चिपशिवाय हे शक्य आहे का?

शक्य आहे, आणि ते बाजारातच सिद्ध झालंय. अनेक देशांत दुकानदार प्रिंटरला बाहेरून शाईच्या बाटल्या आणि नळ्या जोडून देत होते. ते पाहून एप्सनने २०१० मध्ये इंडोनेशियात स्वतःच टाकीवाले प्रिंटर आणले. पुढे ते भारतातही आले आणि इतर कंपन्यांनीही तोच मार्ग धरला.

या प्रिंटरमध्ये दाब सांभाळला जातो तो मुख्यतः उंचीने. कोंबड्यांच्या पाण्याचं उलटं भांडं आठवा. खालच्या ताटलीतली पातळी उतरली की भांड्यात हवा शिरते आणि तेवढंच पाणी खाली येतं. शाईची ही पातळी प्रिंटहेडच्या खाली ठेवली की लागणारी ओढ आपोआप मिळते. म्हणूनच टाकीवाला प्रिंटर सपाट जागी ठेवा, तिरका करून नेऊ नका, असं सांगतात. यात ग्राहक स्वतः बाटलीतून शाई ओततो. म्हणजे ग्राहकाने शाई भरली की प्रिंटर बिघडणारच, हा युक्तिवाद कंपन्यांनी स्वतःच मागे टाकलाय.

ग्राहकाने काय मागायला हवं?

चुकीच्या रीफिलमुळे प्रिंटहेड बिघडलं तर त्या दुरुस्तीची वॉरंटी कंपनीने नाकारणं समजण्यासारखं आहे. पण बिघाड होण्याआधीच कार्ट्रिज नाकारणं ही सुरक्षितता नाही, तो विक्रीचा नियम आहे. किमान तो खोक्यावर ठळक छापला पाहिजे. इतर कंपन्यांची शाई चालते का, आणि पुढच्या अपडेटनंतरही चालेल का, ही दोन वाक्यं प्रिंटर घेण्याआधी वाचायला मिळायला हवीत. दुरुस्तीच्या निर्देशांकात प्रिंटर कधी आला, तर गुण देताना पहिला प्रश्न हाच असावा.

तोपर्यंत प्रिंटर घेताना त्याच्या किमतीबरोबर एका पानाचा खर्चही विचारा. पहिल्या वर्षाच्या शाईचा हिशेब मांडला की स्वस्त प्रिंटर खरंच स्वस्त आहे का, ते दुकानातच कळेल.