अवघड तेच अस्सल का?

ॲक्शन रोल-प्लेइंग गेम खेळणाऱ्याला दोन निर्णय घ्यावे लागतात. पहिला काठिण्यपातळीचा, म्हणजे शत्रू किती जोराने मारणार आणि किती मार सोसणार याचा. दुसरा बिल्डचा, म्हणजे पात्राचे कोणते गुण वाढवायचे, तलवारीवर भर द्यायचा की धनुष्यावर, अंगावर जड चिलखत चढवायचे की जादूवर भिस्त ठेवायची याचा. या दोन्हींबाबत गेमर मंडळींमध्ये एक मत घट्ट रुजले आहे. सर्वांत अवघड पातळीवर खेळला तोच खेळ खरा, बाकी सारे लुटुपुटीचे. बिल्डलाही हाच न्याय लावतात. बॉसला समोरासमोर तलवारीने हरवले तर तो विजय, जादूने किंवा मदतनीस बोलावून हरवले तर ती पळवाट. हे मत तपासले तर टिकत नाही.

आधी पूर्वपक्ष. त्याचे मुख्य मुद्दे तीन आहेत. पहिला मुद्दा निर्मात्याच्या हेतूचा. फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी कंपनीचे हिदेताका मियाझाकी यांनी ‘डार्क सोल्स’ (२०११) आणि ‘सेकिरो’ (२०१९) या खेळांत पातळी निवडण्याची सोय ठेवली नाही. सर्वांसमोर एकच आव्हान असावे, म्हणजे ते पार केल्याचा आनंदही सर्वांना सारखाच मिळेल, अशी त्यांची भूमिका आहे. दुसरा मुद्दा असा की, पातळी सोपी केली की खेळातली निम्मी यंत्रणा निरुपयोगी ठरते. तिसरा मुद्दा न्यायाचा : सोप्या वाटेने गेलेल्याला तोच शेवट मिळत असेल, तर कष्टाने पोहोचलेल्याच्या यशाला काय किंमत राहिली?

‘अवघड तेच अस्सल’ या गृहीतकाला पहिला धक्का ‘स्कायरिम’ (२०११) देतो. त्यात पातळी बदलली तरी शत्रूची अक्कल वाढत नाही, फक्त गुणाकार बदलतो. ‘अडेप्ट’ या मधल्या पातळीवर खेळाडूचा घाव पूर्ण लागतो. २०१३ मध्ये आलेल्या ‘लेजंडरी’ पातळीवर त्याचा प्रभाव पावपट होतो आणि शत्रूचा घाव तिप्पट बसतो. ड्रॅगन तोच, त्याच्या चालीही त्याच, फक्त एकाऐवजी चार घाव घालायचे. याला कौशल्याची परीक्षा म्हणण्यापेक्षा चिकाटीची म्हणणे योग्य ठरेल. शिवाय या गुणाकाराने बिल्डची विविधताही आटते. ढाल-तलवारीचा साधा योद्धा रखडतो आणि लपून वार करणाऱ्याचे फावते, कारण योग्य पर्क घेतल्यावर कट्यारीचा छुपा वार १५ पट बसतो. सर्वांत अवघड पातळी खेळाडूला अशा रीतीने मोजक्याच वाटांकडे ढकलते. अनेक वाटांनी खेळता यावे म्हणून रचलेल्या खेळात असे होत असेल, तर ती पातळी खेळाचे सर्वांत खरे रूप ठरू शकत नाही.

निर्मात्याच्या हेतूचा मुद्दा तर तो मांडणाऱ्यांवरच उलटतो. ‘एल्डन रिंग’मध्ये (२०२२) पातळीचा मेनू नाही, पण काठिण्य निवडता येत नाही असे म्हणणे चूक आहे. तिथे ते बिल्डमधून निवडले जाते. सुरुवातीच्या दहा वर्गांपैकी ‘रेच’ हा अंगावर धड कपडे नसलेला, हाती सोटा आणि आठही गुण दहावर असलेला, पहिल्या लेव्हलचा इसम आहे. ‘ॲस्ट्रॉलॉजर’ पहिल्या घटकेपासून दुरून जादू फेकू शकतो. पुढे घंटा वाजवून आत्म्यांना लढाईत उतरवता येते आणि ‘मिमिक टिअर’ घेतले तर स्वतःचीच प्रतिकृती शेजारी उभी राहून लढते. ही सारी साधने निर्मात्यांनीच विचारपूर्वक ठेवली आहेत. त्यांच्या हेतूला प्रमाण मानायचे आणि त्यांनीच दिलेली साधने वापरणाऱ्याला फसवा ठरवायचे, हे एकाच तोंडाने बोलता येणार नाही.

‘सेकिरो’ची गोष्ट वेगळी आहे, हे मान्य करायला हवे. त्यात बिल्ड जवळजवळ नाहीच. प्रत्येकाच्या हाती तीच तलवार, त्यामुळे समान आव्हानाचा दावा तिथे बराचसा खरा आहे. पण त्या खेळातही एक घंटा वाजवली की शत्रू अधिक ताकदवान होतात. दुसऱ्या फेरीत कुरो या पात्राने दिलेला ताईत परत केला, तर नुसता वार अडवूनही इजा होते. म्हणजे खेळ अधिक अवघड करण्याची मुभा ‘सेकिरो’ही देतो. त्या मुभेने समान आव्हान भंगत नाही आणि सोपे करण्याच्या मुभेने मात्र भंगते, हा भेद तर्काला धरून नाही.

न्यायाचा मुद्दा माणसामाणसांतला फरक विसरतो. सर्वांची नजर, हातांची पकड आणि प्रतिसादाचा वेग सारखा नसतो. क्षणार्धाच्या पॅरीवर, म्हणजे वार नेमक्या वेळी परतवण्यावर, उभी असलेली लढाई एखाद्याला चुरशीची वाटते, तर संधिवाताने आखडलेल्या बोटांना तीच अशक्य असते. आकडे सारखे ठेवले म्हणून आव्हान सारखे होत नाही. यावर ‘हेडीस’ने (२०२०) सुबक तोड काढली आहे. त्यातला ‘गॉड मोड’ चालू केला की खेळाडूला होणारी इजा २० टक्क्यांनी घटते. पुढे प्रत्येक मरणागणिक ही सवलत दोन टक्क्यांनी वाढत ८० टक्क्यांपर्यंत जाते. शत्रू, त्यांच्या चाली आणि कथा यांना धक्का लागत नाही. ज्यांना अधिक कस लावायचा आहे त्यांच्यासाठी त्याच खेळात ‘पॅक्ट ऑफ पनिशमेंट’ आहे. दोन्ही सोयी एकत्र नांदतात आणि एकाने घेतलेल्या सवलतीमुळे दुसऱ्याच्या हातचे काहीच जात नाही.

दुसऱ्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे आणि मंडनाची सुरुवात तिथूनच होते. ‘विचर ३’मध्ये (२०१५) व्हाइट ऑर्चर्ड गावाजवळच्या विहिरीपाशी नूनरेथ या पिशाच्चाशी लढावे लागते. ‘यर्डेन’ हे चिन्ह जमिनीवर उमटवले की त्या वर्तुळात हे पिशाच्च देहरूप धरते आणि चांदीच्या तलवारीचे घाव त्याला नीट लागतात. तलवारीला पिशाच्चांवरचे तेल आधी चोळले असेल तर आणखी उत्तम. ही माहिती खेळातल्या राक्षसकोशात असते. सर्वांत खालच्या पातळीवर कोश न उघडता, तेल न लावता, नुसती तलवार फिरवूनही काम भागते. वरच्या दोन पातळ्यांवर ध्यान केल्याने हेल्थ भरून येत नाही, म्हणून अन्न आणि ‘स्वॉलो’सारखी औषधे जपून वापरावी लागतात. किमयेचा बिल्ड निवडणाऱ्याला खालच्या पातळीवर त्या निवडीचे फळ फारसे दिसतच नाही. त्याच्यासाठी वरची पातळी योग्यच आहे. निव्वळ नायक गेराल्टच्या कथेसाठी आलेल्याला मात्र खालची पातळी तितकीच योग्य आहे.

यावरून निकष मिळतो : ज्या पातळीवर खेळाडूला हव्या असलेल्या निर्णयांना परिणाम लाभतो, ती त्याची योग्य पातळी. ‘डायब्लो २’ हे याचे जुने आणि चांगले उदाहरण आहे. त्याच्या ‘लॉर्ड ऑफ डिस्ट्रक्शन’ या विस्तारात (२००१) ‘नाइटमेअर’ पातळीवर पात्राच्या प्रतिकारशक्तीतून ४० आणि ‘हेल’ पातळीवर १०० वजा होतात. शिवाय ‘हेल’मध्ये कित्येक राक्षसांवर आग किंवा थंडी अजिबात चालत नाही. फक्त आगीची विद्या शिकलेली सॉर्सरेस तिथे अडते, म्हणून जाणते खेळाडू जोडीला थंडीचीही विद्या ठेवतात. इथे पातळी बिल्डला प्रश्न विचारते. मात्र २०१० च्या १.१३ पॅचपर्यंत या खेळात वाटलेले पॉइंट परत घेण्याची सोय नव्हती आणि प्रश्न उशिरा कळलेल्याला नवे पात्र घेऊन पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. म्हणून निकषाला एक पुरवणी हवी : प्रश्न विचारणाऱ्या खेळाने उत्तर सुधारण्याची संधीही द्यावी. ‘एल्डन रिंग’मध्ये रेनाला या बॉसला हरवल्यावर ‘लार्व्हल टिअर’ देऊन सारे गुण नव्याने वाटता येतात.

प्रत्यक्ष निवडीचा क्रमही यातून ठरतो. प्रथम मधली पातळी आणि एका मुख्य शस्त्राभोवतीचा साधा बिल्ड घ्यावा. वारंवार मरण येऊ लागले की आधी कारण शोधावे. शत्रूची चाल ओळखता येत नसेल तर आणखी सराव हवा. चाल ओळखूनही एकाच फटक्यात खेळ संपत असेल तर बिल्ड तपासावा. ‘एल्डन रिंग’मधले बरेच नवखे सगळे पॉइंट ताकदीत ओततात आणि हेल्थ वाढवणाऱ्या ‘विगर’ या गुणाकडे दुर्लक्ष करतात. विगर ४० वर नेला की हेल्थ १४५० होते आणि ६० वर १९००. त्यापुढे ९९ पर्यंत नेऊनही ती २१०० च्या वर जात नाही, म्हणून ६० नंतरचे पॉइंट दुसरीकडे लावलेले बरे. बिल्ड सुधारूनही हात साथ देत नसतील, तर पातळी उतरवावी. उलट, औषधे पडून राहात असतील आणि नवे कौशल्य घेण्याची गरजच भासत नसेल, तर पातळी चढवावी.

अवघड पातळीवर जिंकणाऱ्याचे कौतुक रास्तच आहे, कारण त्याने स्वतःहून पत्करलेली अट पाळली. पण ती अट त्याची स्वतःची असते, ती इतरांच्या खेळाचे माप होऊ शकत नाही. काठिण्यपातळी आणि बिल्ड ही निवड खेळाडूच्याच हाती राहावी आणि वाटेत कधीही बदलता यावी. ज्या खेळात केलेल्या निवडीचा परिणाम दिसतो आणि चुकलेली निवड दुरुस्त करता येते, तो खेळ कोणत्याही पातळीवर अस्सलच असतो.