सरकी कोणाच्या मालकीची?

नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ पासून जनतेच्या पैशावर उभी आहे. तरीही २००२ साली देशात बीटी कापूस आला तो मोन्सँटो-महिकोच्या संकरित वाणांतून. ४५० ग्रॅमच्या पाकिटामागे १२५० रुपये नुसत्या जनुकाचे! २००६ मध्ये आंध्र सरकारने मक्तेदारी आयोगाकडे दाद मागितली, तेव्हा कुठे भाव उतरले. शिवाय संकरित सरकी घरची राखून पेरावी तर गुण टिकत नाहीत. कास्तकार दरसाल दुकानाच्या दारात.

या पिळवणुकीवरचा खरा उतारा नागपूर, धारवाड आणि दिल्लीच्या सरकारी शास्त्रज्ञांनी हाती घेतला होता: बीकानेरी नर्मा बीटी. हे सरळ वाण, म्हणजे सरकी पुन्हा पेरता येणारी. २००८ मध्ये परवानगी मिळाली, २००९ मध्ये बियाणे विकले गेले आणि त्याच वर्षी विक्री थांबली. बियाण्यात मोन्सँटोचेच जनुक सापडले. सोपोरी समितीचा अहवाल यायला २०१२ उजाडले.

ही लाजिरवाणी गोष्ट होती. तिच्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. पण प्रयोगशाळेतील गफलतीची शिक्षा कास्तकाराने का भोगावी? दोष शोधून तेच काम तातडीने पुन्हा उभारणे हे सरकारचे कर्तव्य होते. सरकारने बाजार कंपन्यांना मोकळा सोडला. २०१७ मध्ये यवतमाळची बोंडे गुलाबी अळीने पोखरली. नागपूरची सरळ बीटी वाणे पुढे आली खरी, पण अळीने आधीच पचवलेले एकच जनुक घेऊन.