‘दुसरा बॉक्स टाका’ म्हणणाऱ्यांना

दहा-बारा वर्षांची ऑटोमॅटिक गाडी एखाद्या सकाळी ‘डी’ टाकल्यावर क्षणभर ढिम्म राहते आणि मग धक्का मारून पुढे उडी घेते. त्या दिवसापासून मालकाला सल्ल्यांची टंचाई राहत नाही. शेजारचे काका म्हणतात, विकून मोकळा हो. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, साहेब, काढून मॅन्युअल टाकू, कटकटच नको. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या पार्ट्सच्या बाजारात ज्याची ऊठबस आहे तो म्हणतो, कमी चाललेला बॉक्स आणून देतो. आणि यूट्यूब बघणारा भाचा म्हणतो, बदलायचाच आहे तर जास्त गिअरवाला टाक ना मामा. चौघांची तोंडं चार दिशांना, पण एका गोष्टीवर एकमत: मूळ गिअरबॉक्स गेला.

माझा वाद इथूनच सुरू होतो. न उघडलेल्या गिअरबॉक्सला ‘गेला’ म्हणणं हा अंदाज झाला, निदान नव्हे. माझं म्हणणं असं की जुन्या गाडीत आधी तिचाच बॉक्स खोलून दुरुस्त करावा. आणि बदलण्यावाचून गत्यंतर नसेल तर ‘चांगला’ बॉक्स न शोधता कवचावर तोच कोड असलेला बॉक्स शोधावा. बाकीच्या सगळ्या वाटा स्वस्त दिसतात आणि महाग पडतात.

काकांचा सल्ला पटकन निकालात काढू. गाडीची किंमत दोन लाख, त्यात बॉक्सवर एवढा खर्च कशाला, असा त्यांचा हिशेब. पण धक्के मारणाऱ्या गाडीला दोन लाख देणार कोण? आणि तिच्या जागी जी दुसरी जुनी ऑटोमॅटिक घ्याल, तिच्या गिअरबॉक्सची हमी काका देणार आहेत का? दुरुस्तीच्या खर्चाची तुलना गाडीच्या भावाशी करून उपयोग नाही, दुसरी तशीच गाडी दारात आणायला काय पडेल त्याच्याशी करावी लागते.

आता ‘गेला’ या शब्दाकडे. नेहमीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो, तेलाचा पंप असतो, प्लॅनेटरी गिअर आणि क्लच प्लेट्सचे संच असतात, तेलाला वाटा दाखवणारी व्हॉल्व्ह बॉडी आणि तिच्यावरची सोलेनॉइड असतात, शिवाय या सगळ्यांना हुकूम सोडणारं कंट्रोल युनिट. ‘डी’ उशिरा पकडणं हे क्लच प्लेट झिजल्याचं लक्षण असू शकतं, तसंच तेल कमी झाल्याचं, रबरी सील कडक झाल्याचं किंवा एखादं सोलेनॉइड अडकल्याचंही. 2003 च्या पिढीच्या होंडा सिटीतल्या सीव्हीटीत तर टॉर्क कन्व्हर्टरच नाही, त्या जागी स्टार्ट क्लच आहे. सिग्नलवरून निघताना ती गाडी थरथरली तर बॉक्स उतरवण्याआधी योग्य तेल भरून त्या क्लचचं कॅलिब्रेशन नव्याने करून बघतात. फोक्सवॅगन-स्कोडाच्या सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजीमध्ये मेकाट्रॉनिक युनिट, म्हणजे व्हॉल्व्ह बॉडी आणि कंट्रोल युनिटचा एकत्र जोड, बॉक्सपासून वेगळं काढता येतं. ते बिघडलं म्हणून गिअरसकट अख्खा बॉक्स टाकून द्यायचं कारण नाही.

निदानाचं निम्मं काम तेलाचा पॅन उतरवून होतं, आणि ते मालकाने स्वतः उभं राहून बघावं. तेल लालसर किंवा फिकट तपकिरी असेल तर आशा आहे. काळं असेल आणि जळका वास मारत असेल तर क्लच प्लेट्स भाजल्या आहेत. पॅनच्या तळाशी छोटी चुंबकं असतात. त्यांच्यावर उगाळलेल्या गंधासारखा मऊ, राखाडी लेप दिसला तर घाबरायचं कारण नाही, ती इतक्या वर्षांची साधी झीज आहे. बोटाला टोचणारे कण किंवा चकचकीत कपचे लागले तर मात्र आत काहीतरी तुटलं आहे. त्यानंतर स्कॅनर लावावा, तेलाचा दाब गेज लावून मोजावा. एवढं होईपर्यंत कुणी नव्या-जुन्या बॉक्सचा भाव सांगायला लागला तर त्याला चहा पाजून वाटेला लावावं.

मॅन्युअलचा सल्ला देणारा मेकॅनिक लबाड नसतो, त्याला ऑटोमॅटिक खोलता येत नसतो एवढंच. त्याच्या ‘काढून टाकू’मध्ये काय काय येतं बघा: क्लचचं पेडल आणि सिलिंडर, फ्लेक्स प्लेटच्या जागी फ्लायव्हील, वेगळे ड्राइव्ह शाफ्ट, वेगळे माउंट, गिअरचा दांडा आणि त्याच्या केबल, शिवाय वायरिंग. इंजिनाचा ईसीयू मात्र ऑटोमॅटिकचाच राहतो. गिअरबॉक्सकडून येणाऱ्या संदेशांची तो वाट बघत बसतो आणि ते आले नाहीत की डॅशबोर्डवर दिवा पेटवतो. मग ईसीयूही शोधा. आणि ज्या माणसाने डाव्या गुडघ्यासाठी ऑटोमॅटिक घेतली होती, त्याला तुम्ही घाटकोपर ते वांद्रे क्लच दाबायला लावणार.

भाच्याच्या मुद्द्यात दम आहे, फक्त तो इथला नाही. अमेरिकेत जुन्या शेव्हर्लेमधला दोन गिअरचा पॉवरग्लाइड किंवा तीन गिअरचा टर्बो 350 काढून चार गिअरचा 700आर4 टाकतात, आणि ते जमतं. का जमतं? 1955 पासूनच्या त्या स्मॉल-ब्लॉक व्ही-8 इंजिनाची मागची बोल्टांची जागा वर्षानुवर्षं तीच राहिली, डिफरन्शियल मागच्या ॲक्सलमध्ये वेगळा, आणि 1982 साली आलेल्या त्या बॉक्सला कॉम्प्युटर लागत नव्हता. तरीही तिथला जाणता माणूस आधी ॲक्सलचं गुणोत्तर विचारतो. 700आर4 चा पहिला गिअर 3.06 आणि चौथा 0.70. मागे 3.08 चा ॲक्सल असेल तर चौथ्यात एकूण गुणोत्तर 2.16 वर येतं आणि इंजिन हायवेवर कण्हायला लागतं, 3.73 च्या ॲक्सलला तोच बॉक्स शोभतो. बॉक्स काही इंच लांब, म्हणून प्रोपेलर शाफ्ट कापावा लागतो, माउंट सरकवावं लागतं. आणि थ्रॉटल व्हॉल्व्हची केबल चुकीची ताणली तर तेलाचा दाब पडतो, थोडक्याच अंतरात क्लच जळतात. म्हणजे जिथे अदलाबदल सोपी मानतात तिथेही बॉक्स एकटा निवडत नाहीत.

आपल्याकडच्या बहुतेक गाड्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या. त्यांचा डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच कवचात असतो. एकाच नावाच्या मॉडेलमध्ये वर्ष बदललं की आतलं फायनल ड्राइव्ह बदललेलं असू शकतं. बोल्ट बसतात, गाडी चालते, आणि कंट्रोल युनिटला आत येणारे आणि बाहेर जाणारे फेरे जुळेनात की ते बॉक्सला एकाच गिअरमध्ये डांबून ठेवतं. मग सगळे म्हणणार, हाही बॉक्स खराब निघाला.

राहिला भंगारातला बॉक्स. हा पूर्वपक्ष सगळ्यांत बळकट आहे, म्हणून त्याला न्याय देऊ. दिल्ली परिसरात 10 वर्षांवरच्या डिझेल आणि 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरच्या बंदीवर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केलं. तिथे गाडी मोडीत निघाली ती वयामुळे, अवस्थेमुळे नव्हे. तेव्हा तिथल्या मायापुरीच्या भंगार बाजारात खरोखर धडधाकट बॉक्स येऊ शकतो, हे मान्य. पण तो धडधाकट आहे हे ओळखणार कसं? आरसीवर चेसिसचा आणि इंजिनाचा नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतो. तो किती चालला हे ज्या गाडीचा मीटर सांगू शकला असता ती केव्हाच कापली गेली. ‘लो रनिंग’ हे खडूने लिहिलेले दोन शब्द, एवढीच त्याची वंशावळ. दुसरं म्हणजे तो ठेवला कसा होता. कूलरच्या नळ्यांची तोंडं उघडी ठेवून एक पावसाळा बाहेर काढलेल्या बॉक्समध्ये पाणी शिरतं, आणि क्लच प्लेटवरचं अस्तर ज्या गोंदाने चिकटवलेलं असतं त्याला पाणी सोसत नाही. बसवल्यावर आठवडाभर गाडी लोण्यासारखी चालते. दुकानदाराची तोंडी हमी साधारण तेवढ्याचीच असते. आपल्या बॉक्सचे रोग किमान आपल्याला ठाऊक असतात, याचे बसवल्यानंतर कळतात, आणि उतरवण्या-चढवण्याची मजुरी दुसऱ्यांदा आपणच भरतो.

म्हणून आपलाच बॉक्स खोलावा. सील, क्लच प्लेट्स, फिल्टर नवे घालावेत, व्हॉल्व्ह बॉडी साफ करून तपासावी, कन्व्हर्टरही उघडून करून घ्यावा. कवचाला तडा गेला असेल, प्लॅनेटरी गिअर तुटले असतील किंवा सुटे भागच मिळत नसतील तर बदलावा. अशा वेळी भंगारातला बॉक्स घ्यायलाही माझी ना नाही, पण कवचावरचा कोड अक्षरन् अक्षर जुळवून, मिळालं तर त्याच गाडीच्या कंट्रोल युनिटसकट, आणि बसवण्याआधी पॅन उतरवून. तेल गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच. ‘सगळ्या ऑटोमॅटिकला चालतं’ असं सांगून विकलं जाणारं नको.

बसवताना दोन जागी बॉक्स मरतात. एक, जुन्या बॉक्सचा चुरा रेडिएटरमधल्या कूलरमध्ये अडकलेला असतो. तो फ्लश न करता नव्याला जोडला तर पहिल्याच दिवशी सगळा नव्याच्या पोटात जातो. दुसरी चूक हाताच्या घाईची. कन्व्हर्टर पंपाच्या खाचांत पूर्ण बसला नसताना बोल्ट आवळून बॉक्स इंजिनाला ओढून घेतला की पंप आतल्या आत फुटतो. कन्व्हर्टर हाताने फिरवत आत सरकवावा लागतो. इंजिनाला बॉक्स चिकटल्यावरही तो मोकळा फिरला पाहिजे आणि फ्लेक्स प्लेटपर्यंत थोडी फट राहिली पाहिजे. जो मिस्त्री ही फट तुम्हाला बोलावून दाखवतो त्याच्याकडे काम द्या, मजुरी थोडी जास्त मागत असला तरी.

आणि बदललाच तर बिलावर नव्या-जुन्या दोन्ही बॉक्सचे कोड लिहून घ्या, जुना बॉक्स ‘एक्स्चेंज’मध्ये देण्याआधी त्याचा भाव ठरवा. तुमच्या दृष्टीने तो मेलेला असतो. पण चारच दिवसांत त्याच्यावरही खडूने कुणीतरी ‘लो रनिंग’ लिहितो.