नशिबाला बोल लावू नका, सॉर्ट बघा

आमच्याकडे वीकेंड सपोर्टच्या पाळ्या तीन आणि माणसंही तीन. शनिवारची रात्र, रविवारची सकाळ, रविवारची दुपार. क्रम रँडम हवा आणि एका वीकेंडला कुणालाच दोनदा पाळी नको, म्हणून कुणीतरी जावास्क्रिप्टचा चिमुकला प्रोग्राम लिहून ठेवलेला. आमची ज्युनिअर अधूनमधून कुरकुरायची, "शनिवारची रात्र माझ्याच वाट्याला कशी येते?" त्यावर आम्ही दोघे ज्ञानी सिनियर हसायचो. "अगं, रँडम आहे ते. तुझं नशीबच फुटकं!"

नशीब नव्हे मंडळी, कोड फुटका होता.

एकदा वैतागून तो उघडला. यादी पिसायला तीच जगप्रसिद्ध एक ओळ: ॲरेला सॉर्ट करा आणि तुलनेसाठी 'मॅथ डॉट रँडम उणे ०.५' द्या. म्हणजे सॉर्ट बिचारा विचारतो, "या दोघांत आधी कोण?" आणि आपण दरवेळी नाणं उडवून उत्तर देतो. नोडवर १ लाख वेळा चालवून मोजलं. शनिवारची रात्र प्रत्येकाला साधारण ३३ हजार वेळा यायला हवी. यादीतल्या पहिल्या नावाला आली सुमारे ४४ हजार वेळा, तिसऱ्याला ३७ हजार, मधल्याला जेमतेम १९ हजार. पहिलं नाव ज्युनिअरचं. आणि मधलं? माझं. आता बोला!

यावर "थोडं ट्यून करू" म्हणणाऱ्यांसाठी शाळेतलं गणित. तीन नावांचे क्रम ६, म्हणजे प्रत्येकाची शक्यता १/६ हवी. नाणी उडवून मिळतात १/२, १/४, १/८... तुलना ठरावीक असतील तर या तुकड्यांची कितीही बेरीज करा, १/६ होत नाही. शिवाय तुलनेची उत्तरं एकमेकांशी सुसंगत नसतील तर क्रम काय लागेल ते इंजिनवर अवलंबून, असं जावास्क्रिप्टचं स्टँडर्डच सांगतं. म्हणजे इंजिन बदललं की अन्यायाचा धनीही बदलणार.

ही चूक फक्त आमच्यासारख्यांची नाही. २०१० साली युरोपियन कमिशनशी झालेल्या तडजोडीनुसार मायक्रोसॉफ्टने तिथल्या विंडोज वापरणाऱ्यांना ब्राउझर निवडायचा पडदा दाखवला. पहिल्या पाच ब्राउझरांचा क्रम रँडम असायला हवा होता. रॉब वियर यांनी मोजून दाखवलं की इंटरनेट एक्सप्लोररमध्ये तो पडदा उघडला, तर खुद्द इंटरनेट एक्सप्लोररच जवळपास निम्म्या वेळा शेवटच्या जागी जातो. कारण तीच सॉर्टची युक्ती! कट वगैरे काही नाही, कट असता तर स्वतःचंच दुकान कोण मागे ढकलेल? पुढे तो कोड दुरुस्त झाला.

बरं, योग्य पद्धत अवघड असती तर गोष्ट वेगळी. ती भिशीच्या डब्यात आहे. चिठ्ठी काढा, बाजूला ठेवा, उरलेल्यांतून पुढची काढा. फिशर आणि येट्स यांनी १९३८ मध्ये हेच कागदावर करायला सांगितलं, डर्स्टनफेल्डने १९६४ मध्ये ते कॉम्प्युटरसाठी सुटसुटीत केलं. शेवटच्या जागेपासून सुरू करा, त्या जागेसकट उरलेल्यांतून एक निवडा, अदलाबदल करा, एक जागा मागे या. चार-पाच ओळी. फक्त आधी ॲरेची खरी कॉपी घ्या. नुसतं दुसऱ्या नावाला असाइन केलंत तर मूळ यादीच विस्कटते. आणि "आधी आलेला असेल तर पुन्हा रँडम काढ" हा लूपही नको. बरोबर उत्तर देतो, पण ५२ पत्ते वाटायला सरासरी २३६ वेळा हात घालावा लागतो.

"एवढ्याशा कामाला कोण बघतंय?" हा युक्तिवाद मला आता सहन होत नाही. एवढ्याशा कामातच कुणाची तरी शनिवारची रात्र जाते. भिशीतल्या बायका डबा सगळ्यांसमोर हलवतात, कारण त्यांना ठाऊक आहे की विश्वास दाखवावा लागतो. आपण मात्र 'रँडम' हा शब्द उच्चारला की मोजायचंच सोडून देतो, आणि तक्रार करणाऱ्यालाच वेड्यात काढतो.

असो. ज्युनिअरची माफी मागितली आणि पुढच्या काही शनिवारच्या रात्री मी मागून घेतल्या. हे लिहितोय तेही त्यातल्याच एका रात्री. फोन अजून तरी वाजलेला नाही.