रुंदीचं खूळ

जुन्या गाण्यांची 'रुंदी' वाढवणाऱ्या मंडळींशी माझं भांडण आहे, आणि ते आज इथे जाहीर मांडते. नातेवाईकांपैकी दोघं-तिघं यात सापडणार आहेत. राग आला तर पोफळीला या, आमसुलाचं सार पाजीन, पण मत बदलणार नाही.

झालं काय, की हल्ली आमच्या घराण्यात 'डॅक' नावाच्या डबीची साथ आली आहे. संगणकातलं गाणं म्हणजे नुसते आकडे. त्या आकड्यांची विजेची लहर करून स्पीकरकडे किंवा हेडफोनकडे पाठवायची, एवढंच या डबीचं काम. काही डब्यांत आवाज कमीजास्त करण्याबरोबर स्टिरिओची रुंदी बदलायचीही सोय असते. काहींना ती डबीत मिळत नाही, मग ते संगणकावरच्या प्रोग्रॅममधून करतात. आमचे भाचेबुवा म्हणतात, "मामी, रुंदी दुप्पट कर, गाणं कसं मोकळं होतं बघ!"

मराठी घेऊन बी.ए. झालेल्या मास्तरणीने यात का पडावं? कारण हिशेब सातवीचा आहे.

१९३१ साली ॲलन ब्लुमलाइन नावाच्या इंग्रज इंजिनियरने स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला. तो ईएमआयमध्ये होता, म्हणजे आपल्या ओळखीच्या कुत्र्याच्या तबकड्यांचंच घराणं. डावा आणि उजवा आवाज यांची बेरीज आणि वजाबाकी अशी मांडणी त्याच्या कामात आहे. बेरजेत मधला गायक असतो, वजाबाकीत दोन बाजूंमधला फरक. रुंदी वाढवणे म्हणजे ही वजाबाकी फुगवणे. बाकी जादू काही नाही.

आता 'गीतरामायण' घ्या. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं. छप्पन्न गीतं, शब्द गदिमांचे, चाली बाबूजींच्या. ते सगळं मोनो. डावं आणि उजवं एकच, म्हणजे वजाबाकी शून्य. शून्याला दोनाने गुणा नाहीतर दोनशेने, उत्तर काय? वर्गात हे न येणाऱ्याला मी बाकावर उभं करत असे.

मग "जुनी गाणी आता स्टिरिओमध्ये" म्हणून जे फिरतं ते काय असतं? पुष्कळदा जाड आवाज एका बाजूला, बारीक दुसऱ्या बाजूला, वर थोडा उशीर आणि घुमारा. हे खूळ नवं नाही. १९६०च्या दशकात अमेरिकेत कॅपिटॉल कंपनीने अशाच युक्तीने मोनो तबकड्या 'ड्युओफोनिक' म्हणून विकल्या. गायकाचा गळा मधोमध चिरून अर्धा इकडे, अर्धा तिकडे. याला मोकळं गाणं म्हणायचं?

बरं, खरं स्टिरिओ असेल तर? तिथेही पाटीवर मांडून बघा. तबला फक्त डावीकडे आहे : डावा १, उजवा ०. बेरजेचा अर्धा ०.५, वजाबाकीचा अर्धा ०.५. वजाबाकी दुप्पट केली की डावीकडे होतात १.५ आणि उजवीकडे उणे ०.५. डबीला १ च्या वर मोजताच येत नाही, तेव्हा मोठी थाप वरून कापली जाते आणि फाटल्यासारखी वाजते. ती वाचवायला आवाज साधारण साडेतीन डेसिबल खाली घ्यावा लागतो. शिवाय उजवीकडे तबल्याचं उलटं भूत उभं राहतं ते वेगळंच. आणि गायक? तो मध्ये होता तेवढाच राहिला. बाजूचे मोठे झाले म्हणून तो लहान झाला. घरातल्या कर्त्या माणसाचं होतं तसं!

भाचेबुवांचा एक मुद्दा मात्र खरा आहे. हेडफोनवर मोनो गाणं डोक्याच्या मधोमध ठोकल्यासारखं वाटतं. पण त्यावर उपाय गाणं ताणणे हा नाही. हेडफोन काढा, समोर स्पीकर ठेवा, खोलीला तिचं काम करू द्या. रेडिओ आपण असाच ऐकला.

आवाजाचंही तेच. बऱ्याच डब्यांवर शून्य डेसिबल हा सर्वांत मोठा आवाज, आणि उणे आकडे त्याच्या खालचे. शून्य बघून "आवाजच नाही" असं समजू नका. दर सहा डेसिबल खाली गेलात की लहर निम्मी होते. "आवाज कमी केला की बिट जातात" असं घाबरवणारे भेटतात. गाणं १६ बिटांचं, डबीचा हिशेब २४ बिटांचा असेल तर मध्ये ८ बिटांची, म्हणजे ४८ डेसिबलची जागा असते. खुशाल कमी करा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना ८० डेसिबल आठवड्याला ४० तास, एवढीच मर्यादा सांगते. कान बदलून मिळत नाहीत.

मला एवढं का लागलं, तेही सांगते. आमच्या ह्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही. अशी रुंद केलेली गाणी भाचेबुवा प्रेमाने पाठवतात, आणि ह्यांच्या उजव्या कानात येतो फक्त बारीक, चिरका अर्धा. परवा त्यांनी हेडफोन काढून ठेवला आणि म्हणाले, "माझाच कान आणखी गेला वाटतं." मला ते सहन झालं नाही. कान जेवढा होता तेवढाच होता. अर्धं गाणं दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवलं होतं.

त्यांना हवी आहे रुंदी शून्य. सगळं एका कानात, पूर्ण. आरएमई या जर्मन कंपनीच्या एडीआय-२ डॅकमध्ये रुंदीचा आकडा १ वर असला की मूळ स्टिरिओ आणि ० वर मोनो; एकच्या वर तो जातच नाही. कोणीतरी शहाण्याने केलंय! एवढं महाग यंत्र घ्यायची गरजही नाही. बहुतेक नव्या मोबाइलच्या सेटिंग्जमध्ये 'मोनो ऑडिओ' असतं. एका कानाने ऐकणारं म्हातारं माणूस आपल्यापैकी कितीतरी घरांत आहे, आणि हे बटण त्यांना कोणी दाखवलेलं नसतं.

तेव्हा भाचेबुवा, पुढचं गाणं जसं ध्वनिमुद्रित झालं तसं पाठवा. आणि या मे महिन्यात आलात की आधी मामाच्या फोनवर ते बटण चालू करा, मग आंबे.